बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. शेतीच्या पानावर गाडी कशाला, असं कुणी म्हणू नका. खताचं पोतं, दुधाचा कॅन, फवारणीचा पंप, मोटरची स्टार्टर पेटी, शाळेतलं पोरगं, सगळं ज्या गाडीवर येतं-जातं ती गाडी शेतीचंच अवजार आहे. बैल आजारी पडला तर आपण लिहितो, मग हिच्याबद्दल का नको?

आणि सध्या रात्रीच्या लाईटची पाळी चालू आहे. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री येते, त्या आठवड्यात अर्धं गाव दारं धरायला रात्री अकरा-बाराला बाहेर पडतं. रस्त्याला ऊसाच्या ट्रॉल्या. दोन-दोन जोडलेल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. जुन्नर, शिरूर, आंबेगावकडच्या मंडळींना तर बिबट्याचं वेगळं सांगायला नको. अशा रस्त्याला हेडलाइट मेणबत्तीसारखी जळत असेल, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजत असेल, तर हा मेंटेनन्सचा विषय राहत नाही, जिवाचा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं गाडीची लाईट कमी झाली की शंभरातले बहुतेक लोक गॅरेजला जाऊन एकच वाक्य बोलतात, "मिस्त्री, बॅटरी टाक नवी." मिस्त्रीही टाकतो. त्याचं काय जातंय? दोन-चार महिन्यांनी परत तेच. मग "हल्ली बॅटऱ्याच डुप्लिकेट येतात" म्हणून आपण गप्प बसतो. हे म्हणजे पान पिवळं दिसलं की युरिया टाकण्यासारखं झालं. कृषी सहायक आणि कॉलेजची पोरं हे पान वाचतात, त्यांना माहितेय. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्राचा विचार करायचा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाचा. आणि पाणी साचून मुळ्याच गुदमरल्या असतील तर दोन्ही टाकून उपयोग नाही. रोग एकच दिसतो, कारणं तीन. गाडीचंही अगदी असंच आहे, आणि गाडीत तर ओळखणं पानापेक्षा सोपं आहे, कारण गाडीला मीटर लावता येतो.

मी इथं जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचंच सांगतो. १९९४ साली ही गाडी आली, आणि आजही आपल्या बांधावर उभ्या असलेल्या दर तिसऱ्या-चौथ्या गाडीचं वायरिंग तिच्यासारखंच असेल. किकवाली, कार्ब्युरेटरवाली, १०० सीसीची. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं आणि २०२० पासून बीएस-सिक्सच्या गाड्यांत इंधन इंजेक्शन आलं. त्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना खालचं सगळं जसंच्या तसं लावू नका.

जुन्या स्प्लेंडरची एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, आणि सगळा घोळ तिथंच होतो. तिची हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. इंजिन बंद करून चावी फिरवा, हेडलाइटचं बटण दाबा. लागते का? नाही लागत. इंजिनच्या डाव्या बाजूला मॅग्नेट फिरतं, त्याच्या आत कॉइल प्लेट असते. त्या प्लेटवर वेगवेगळ्या कामाच्या कॉइली आहेत. एक प्लगच्या ठिणगीसाठी, सीडीआयला करंट देणारी. एक हेडलाइटसाठी. एक बॅटरी चार्जिंगसाठी. म्हणजे एकाच विहिरीवर तीन वेगळ्या पाइपलाइनी. एक फुटली तर बाकीच्या दोन चालू राहू शकतात.

म्हणून "गाडी एका किकला सुरू होते, म्हणजे चार्जिंग बरोबर आहे" हे म्हणणं या गाडीला लागू नाही. बॅटरी पार मेलेली असली तरी किकला गाडी सुरू होणारच, ठिणगीची लाइन वेगळी आहे.

हेडलाइट, मागचा बारीक लाल दिवा आणि स्पीडोमीटरचा दिवा हे कॉइलवर, म्हणजे एसीवर. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा हे बॅटरीवर, म्हणजे डीसीवर. एवढं डोक्यात बसलं की निम्मं निदान मीटर न लावताच होतं. हेडलाइट मंद आहे पण हॉर्न कडक वाजतोय, तर बॅटरीला हात लावू नका, तिचा काही संबंध नाही. हॉर्न बसलाय, इंडिकेटर लुकलुकायच्या ऐवजी नुसता लागून राहतोय, पण हेडलाइट रेसवर झकास पडतीय, तर दोष बॅटरी किंवा चार्जिंगच्या लाइनला. आणि दोन्ही बाजू एकदम मेल्या असतील तर दोघांत जे सामाईक आहे ते बघायचं: अर्थिंग, रेग्युलेटर, कॉइलचा कपलर. जुनं पान की नवं पान, तसंच हे.

यातच एक जिवावरची गोष्ट आहे, ती आत्ताच सांगून टाकतो. रात्री रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून इंजिन बंद केलं की मागचा लाल दिवाही विझतो, कारण तोही कॉइलवर आहे. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. फोन घ्यायला थांबलात, पंप सरळ करायला थांबलात, तर चावी चालू ठेवून इंडिकेटर लावा, तो बॅटरीवर लागतो. पण त्यासाठी बॅटरी जिवंत पाहिजे. "हेडलाइट बॅटरीवर नाही ना, मग बॅटरी नसली तरी चालतंय" असं म्हणून सहा-सहा महिने मेलेली बॅटरी घेऊन फिरणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांच्या गाडीला रात्री ब्रेकचा दिवा नाही, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही.

आता मीटर. दोन-तीनशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आठवडी बाजारातही मिळतो. हा मीटर स्टार्टरला, फवारणी पंपाच्या बॅटरीला, झटका मशीनला, सोलरच्या पॅनलला, सगळ्याला कामाला येतो. ज्याच्या घरी पाच फवारणी पंप आणि दोन मोटरी आहेत त्याच्या घरी मीटर नसावा हे मला पटत नाही. फक्त एक, थ्री फेजच्या पेटीत त्या स्वस्तातल्या मीटरनं हात घालू नका, ते काम वायरमनचं. आपण बारा व्होल्टचं बोलतोय.

सकाळी, गाडीला किक मारायच्या आधी, साइड पॅनल काढा. मीटर डीसी २० वर. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या आसपास म्हणजे पाऊण. १२ किंवा खाली म्हणजे रिकामी. साडेदहाच्या आसपास येऊन तिथंच अडकलं, चार्ज करूनही वर जात नसेल, तर सहातला एक सेल गेलाय, ती बॅटरी खरंच बदलायची. गाडीवरून आल्या-आल्या मोजू नका. तेव्हा आकडा फुगलेला दिसतो. पाऊस पडल्या-पडल्या विहिरीची पातळी बघून पाणी किती आहे ते ठरवण्यासारखं आहे ते.

मग मीटर तसाच ठेवून चावी चालू करा, इंडिकेटर लावा आणि हॉर्न दाबून धरा. आकडा थोडा उतरेल, ते चालतं. पण १२.५ वरून थेट दहाच्या खाली आपटला तर बॅटरी दिसायला भरलेली, आतून पोकळ आहे. रात्रभर पावसात भिजलेल्या कापसाच्या बोंडासारखी, बाहेरून ठीक.

बॅटरी चांगली निघाली किंवा चार्ज करून आणली, की पुढची पायरी. गाडी सुरू करा, मीटर बॅटरीवरच. आता रेस द्या. स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नाही, तर थर्ड गिअरला चाळीसच्या स्पीडला इंजिनचा जेवढा आवाज असतो तेवढी रेस धरा. आकडा साडेतेराच्या वर, साडेचौदा-पावणेपंधराच्या आत यायला पाहिजे. नुसत्या स्लोवर आकडा फारसा चढत नाही. तो दोष नाही, या गाडीचं चार्जिंग स्लोवर असतंच नाममात्र. स्लोवर बघून "चार्जिंग बंद आहे" म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यावरून कॉइल प्लेट बदलणारेही.

रेसवर आकडा पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर कापायचं काम करत नाहीये. बॅटरीचं पाणी उडणार, बल्ब जाणार. हेडलाइटचे बल्ब महिन्या-महिन्याला उडत असतील तर हलक्या कंपनीचा बल्ब म्हणून शिव्या देत बसू नका, रेग्युलेटर आणि त्याची हिरवी तार बघा.

आणि आकडा जागचा हललाच नाही तर? इथंच लोक घाईनं रेग्युलेटर किंवा कॉइल घेऊन येतात. थांबा. आधी फ्यूज. बॅटरीजवळच असतो. तो उघडून बघा, आणि त्यात फ्यूजऐवजी वायरीची तार गुंडाळलेली असेल तर ज्यानं गुंडाळली त्याला हात जोडा आणि जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच फ्यूज घाला. तार फ्यूजचं काम करत नाही, ती वायरिंग जाळते.

मग रेग्युलेटर शोधा. अॅल्युमिनियमचा, पंख्यापंख्यांचा छोटा डबा, त्याला चार तारा. या गाडीत पांढरी म्हणजे चार्जिंग कॉइलची, पिवळी हेडलाइट कॉइलची, हिरवी अर्थ आणि लाल बॅटरीकडं जाणारी. बजाज, टीव्हीएस, यामाहाचे रंग वेगळे असतात, उगाच हेच रंग धरून बसू नका. गाडी बंद असताना लाल तारेवर मीटरचं लाल टोक आणि बॅटरीच्या मायनसला काळं. बॅटरीवर जेवढा आकडा तेवढाच इथं आला पाहिजे. शून्य आला तर मधे तार तुटलीय, कपलर सैल आहे किंवा फ्यूज गेलाय. रेग्युलेटर बिचारा चार्जिंग देतोय, पण पाणी पाटातच अडलंय.

लाल बरोबर असेल तर पांढरी तार कपलरमधून सोडवा. मीटर एसीवर. एक टोक कॉइलकडून येणाऱ्या पांढऱ्या तारेला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. गाडी सुरू करून हळूहळू रेस वाढवा. आकडा रेसबरोबर चढत गेला पाहिजे. किती चढतो ते गाडीगणिक आणि मीटरगणिक बदलतं, त्याच्यात अडकू नका. चढतोय का आणि सलग चढतोय का ते बघा. चढतोय म्हणजे कॉइल जिवंत. दोन-चार व्होल्टवर लटकून राहिला तर कॉइल जळालीय किंवा तार आतून तुटलीय. हेडलाइटसाठी हेच पिवळ्या तारेवर करा.

इथं एका गोष्टीवर मला जरा भांडायचंय. मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं सांगतात, "कॉइलच्या तारेचा बॉडीला अर्थ लागतोय, कॉइल शॉर्ट आहे, बदला." हे खरं आहे, पण दुसऱ्या गाड्यांसाठी. मोठ्या गाड्यांत थ्री फेजची कॉइल असते, तिच्या तीन तारांपैकी एकीचाही बॉडीला संबंध नसतो. तिथं अर्थ लागला म्हणजे कॉइल गेली. जुन्या स्प्लेंडरच्या कॉइलचं एक टोक मुळातच अर्थला जोडलेलं आहे. तिथं मीटर लावला की बीप वाजणारच! ती चांगली कॉइल आहे. त्या बीपवर चांगल्या कॉइल प्लेटी भंगारात गेलेल्या मी बघितल्यात. ओहम मोजायचा म्हटला तरी आकडा एक ओहमच्या आत-बाहेर येतो, आणि स्वस्त मीटरच्या दोन टोकांचाच अर्धा ओहम असतो. टोकं एकमेकाला लावून आधी किती दाखवतोय ते बघा, ते वजा करा. त्यापेक्षा गाडी चालू करून एसी मोजणं केव्हाही खरं. पंजाबातल्या गव्हाची शिफारस कोकणातल्या भाताला लावू नये, तेच इथं.

कॉइल जिवंत, लाल तार बरोबर, तरी चार्जिंग नाही. आता रेग्युलेटरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या आधी अर्थिंग. माझ्या मते आपल्या शेतकऱ्यांच्या गाड्यांत निम्मी भानगड इथंच असते आणि सगळ्यात कमी वेळा इथंच बघितलं जातं. कारणही आपलंच आहे. सीटच्या मागं पोटॅशचं पोतं, त्याला भोक पडलेलं, वरून पावसाची भुरभुर. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड, मिठाचाच भाऊ. तो ओला होऊन तांब्या-पितळेवर बसला की हिरवा कीट चढलाच म्हणून समजा. युरिया हवेतलं पाणी ओढतो. त्यात फवारणी पंपाचं झाकण गळकं, मोरचुदाचं पाणी तारांवर. वर चिखल. आणि रविवारी वॉशिंगवाल्याकडं प्रेशरनं पाणी मारून तो चिखल कपलरच्या आत पाठवायचा. शहरातल्या माणसाची तीच गाडी वीस वर्षं चालते आणि आपली आठ वर्षांत वायरिंगला रडते, ते यामुळं.

शेजारच्या वस्तीवरच्या एका पाहुण्यांचं उदाहरण सांगतो. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या, एक रेग्युलेटर झाला. हॉर्न बसका, हेडलाइट मंद आणि थरथरती. दोन्ही बाजू आजारी, म्हणजे सामाईक काय ते बघायचं. गाडी रेसवर, हेडलाइट चालू, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. डीसीवर बघितलं, मग एसीवर बघितलं. इथं दोन्हीकडं जवळजवळ शून्य यायला पाहिजे, पाव व्होल्टच्या आत. एसीवर दोनच्या वर आलं. बारातले दोन वाटेतच खर्च. फ्रेमवर ज्या बोल्टखाली हिरव्या तारांची जोड येते तो बोल्ट सोडवला तर खाली रंग, गंज आणि पांढरी भुकटी. पॉलिश पेपरनं फ्रेम चकचकीत घासली, तारेचं टोक घासलं, आवळून वरून ग्रीस लावलं. खर्च पॉलिश पेपरचा. लाईट तिथल्या तिथं उजळली. काढून टाकलेली आधीची बॅटरी पाहुण्यांनी सांभाळून ठेवली होती, ती चार्ज करून बघितली तर चांगली निघाली. ती आता मुलाच्या गाडीत आहे.

अशाच तऱ्हेनं रेग्युलेटरच्या लाल तारेपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतही मोजता येतं, गाडी रेसवर असताना. बॅटरी थोडी उतरलेली असेल तेव्हा मोजा, म्हणजे करंट वाहत असतो आणि अडथळा कुठं आहे ते कळतं. तिथं पाव व्होल्टच्या वर गेलं तर कपलर उघडा. आतली पिन काळी पडलेली किंवा प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालेलं सापडेल. हे सगळं बघून झालं, सगळं नीट, तरी चार्जिंग नाही, तेव्हाच नवा रेग्युलेटर आणा. मिस्त्रीकडं चालू गाडीतला रेग्युलेटर असेल तर तो लावून खात्री करून घेता येते. चांगला मिस्त्री नाही म्हणणार नाही.

चार्जिंग बरोबर आहे, पण दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर ती गळतीची. पाट फुटलाय कुठंतरी. चावी बंद, बॅटरीची मायनस तार सोडवा, मीटर अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर मधे जोडा. या गाडीत घड्याळ नाही, अलार्म नाही, त्यामुळं आकडा शून्याला टेकलेला पाहिजे. काही दाखवत असेल तर रेग्युलेटरचा कपलर काढून बघा. आकडा पडला तर रेग्युलेटरच्या आतून उलटा करंट जातोय. नाही पडला तर बाहेरून बसवलेलं काहीतरी, बहुतेक मोबाइल चार्जर किंवा म्युझिकल हॉर्न. मीटर असा मधे असताना किक मारू नका, हॉर्न वाजवू नका, सेल्फवाल्यांनी तर बटणाकडं बोटही नेऊ नका. मीटर जळेल.

आता एलईडीबद्दल. माझं मत अनेकांना आवडणार नाही. बाजारात चार-पाचशेला पांढरी फटक एलईडी मिळते. ती एसीवर लावली की लुकलुकते. म्हणून दुकानदार हेडलाइटची लाइन तोडून बॅटरीवर देतो. पहिल्या रात्री दिवस उजाडल्यासारखा उजेड! पण हिशोब करा. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी २.५ अँपिअर-तासांची. गुणिले बारा, म्हणजे ३० वॅट-तास. एलईडी धरा २० वॅटची. कागदावर दीड तास, प्रत्यक्षात तासभरात हॉर्न बसतो. चार्जिंगची कॉइल ही हॉर्न आणि इंडिकेटरपुरती, शिवाय तिच्या करंटची अर्धीच लाट बॅटरीत जाते. ती रोजचे वीस वॅट कुठून आणणार? दोन एकराच्या विहिरीवर पाच एकर ऊस लावल्यागत आहे. वर मोबाइल चार्जरचे दहा वॅट. तीन महिन्यांनी बॅटरी गेली की नाव बॅटरीचं. एलईडी लावायचीच असेल तर कॉइल आणि रेग्युलेटर दोन्ही त्या हिशोबानं बदलून घ्यावे लागतात, आणि ते काम कळणाऱ्या माणसाकडून. तोपर्यंत ३५ वॅटचा मूळ बल्बच बरा.

त्या बल्बचा उजेड कमी वाटतो त्याचं कारण निम्म्या वेळा करंट नसतोच. आतला आरसा काळा पडलेला, बल्बची काच धुरकट, बाहेरची काच मातीनं घासून आंधळी. पंधरा वर्षांचा आरसा पुसून उजळत नाही, तो बदलायचा. त्याआधी एकदा बल्बच्या मागं एसी मोजा आणि रेग्युलेटरजवळ पिवळ्या तारेवर मोजा. दोन आकड्यांत व्होल्ट-दीड व्होल्टचा फरक असेल तर उजेड डिपरच्या स्विचमध्ये अडकलाय. स्विच उघडून साफ करा. साध्या मीटरवर हा एसीचा आकडा थोडा इकडं-तिकडं दाखवतो, पण दोन ठिकाणचा फरक तो खोटा सांगत नाही.

आणखी एक सवय मोडायला पाहिजे. फवारणी पंपाचा चार्जर गाडीच्या बॅटरीला लावतात. पंपाची बॅटरी आठ किंवा बारा अँपिअर-तासांची, तिचा चार्जर पावणेदोन-दोन अँपिअरचा. गाडीची बॅटरी अडीचची. तिला पाव अँपिअरनं आठ-दहा तास चार्ज करायचं असतं. रोपाला झाडाचा डोस दिल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. आणि झाकणाची बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नाही, ॲसिड तर अजिबात नाही. आपल्या बोअरच्या पाण्यानं ठिबकची तोंडं बुजतात, प्लेटांचं काय होत असेल?

सेल्फवाल्या गाड्यांना एक वेगळी अडचण असते, आणि तिथं दोष कशातच नसतो. घरून मळ्यात दोन किलोमीटर, मळ्यातून डेअरीला एक, डेअरीवरून परत. दर वेळी सेल्फ. जेवढं सेल्फनं खाल्लं तेवढं दोन किलोमीटरमध्ये भरून निघत नाही. सकाळची पहिली किक पायानं मारा. गुडघे दुखत असतील तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा बॅटरी बाहेर चार्ज करून घ्या.

मिस्त्री लोकांवर मी राग काढतोय असं वाटलं असेल तर तसं नाही. त्याच्याकडं दिवसाला पंधरा गाड्या, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, "लवकर दे, लाईट जायची वेळ झाली." मोजायला अर्धा तास लागतो आणि मोजण्याचे पैसे आपण देत नाही. बॅटरीचे हजार रुपये देतो, पण "तपासायचे शंभर" म्हटलं की भांडतो. माती परीक्षणाचंही आपण असंच करतो. म्हणून गॅरेजला जाऊन "बॅटरी टाक" म्हणू नका. "सकाळी बॅटरी १२.५ होती, रेसवर १२.४, पांढऱ्या तारेवर एसी चढतोय" असं सांगा. मिस्त्रीचं निम्मं काम तिथंच होतं, आणि तपासायचे पैसे मागितले तर खुशीनं द्या.

पावसाळ्याच्या तोंडाला आणि ऊस तोडणी सुरू व्हायच्या आधी, असं वर्षातून दोनदा मोजायचं. साइड पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करनं तीन आकडे लिहून ठेवा: तारीख, बंद गाडीचं व्होल्टेज, रेसवरचं व्होल्टेज. मार्कर ऑइलचा घ्या, साधा पहिल्याच पावसात पुसतो.